मेक्सिको सिटीत कुठे खावं? आधी घड्याळ बघा, मग पत्ता

मेक्सिको सिटीला निघालेले ओळखीचे लोक आठवडाभर आधी फोन करतात आणि एकच मागणी करतात : ‘खाण्याच्या दहा चांगल्या जागांची नावं पाठव.’ बरीच वर्षं मी नावं पाठवत राहिले. परत आल्यावर त्यांच्याकडून जे ऐकायला मिळायचं, त्याचं फार वाईट वाटायचं. दुपारी साडेबाराला भूक लागली, तर खानावळीत अजून खुर्च्या मांडत होते. बुधवारी बारबाकोआ खायला गेलो, दुकान बंद. संध्याकाळी सात वाजता जेवायला निघालो, तर दुपारच्या जागा मिटलेल्या आणि रात्रीच्या अजून रंगात आलेल्या नाहीत. शेवटी हॉटेलशेजारी पिझ्झा खाल्ला.

नावं बरोबर होती, वेळा चुकल्या होत्या. या शहरात प्रत्येक पदार्थाला आपली वेळ आहे, काहींना आपला वारही आहे. म्हणून आता मी आधी वेळापत्रक पाठवते आणि नावं नंतर. पुढचे टप्पे दिले आहेत त्याच क्रमाने करा. शाकाहारी मंडळींनी पहिला टप्पा अजिबात गाळू नका.

## टप्पा १ : निघण्यापूर्वी, काय खात नाही ते नेमकं लिहून काढा

‘आम्ही व्हेज आहोत’ एवढं सांगून तिथे भागत नाही. स्पॅनिशमधल्या ‘कार्ने’ या शब्दाचा अर्थ कोशात मांस असा असला, तरी खानावळीत तो बहुधा गोमांसाला लागतो. ‘सिन कार्ने’, म्हणजे कार्नेशिवाय, असं सांगितलंत तर कोंबडी किंवा हॅम घातलेली ताटली समोर येऊ शकते, आणि आणणाऱ्याने तुम्हाला फसवलेलं नसतं. माझ्या आईला एका खानावळीत ‘कार्ने नाही’ अशी खात्री देऊन जे सूप आणून दिलं, त्यात तळाशी चिकनचे धागे होते. विचारणारी मीच होते आणि प्रश्न चुकीचा विचारला होता.

म्हणून मांसाचं नाव घेऊन विचारायचं. रेस म्हणजे गाय-बैल, सेर्दो किंवा पुएर्को म्हणजे डुक्कर, पोयो म्हणजे कोंबडी, बोर्रेगो म्हणजे मेंढी, पेस्कादो म्हणजे मासे, हामोन म्हणजे हॅम.

डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन गोष्टी याहून महत्त्वाच्या आहेत.

मांतेका, म्हणजे डुकराची चरबी. तामाल म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याच्या पिठाचं खाणं. त्याच्या पिठात ती जवळजवळ नेहमी असते, गोड तामालमध्येसुद्धा. घोटून परतलेल्या घेवड्यात, म्हणजे फ्रिहोलेस रेफ्रितोसमध्ये, पुष्कळदा असते. गव्हाच्या तोर्तियात, म्हणजे तिथल्या पातळ पोळीत, आणि काही गोड पावांतही असते. मक्याची साधी तोर्तिया मात्र निर्धास्त खा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका, पाणी, संपलं.

काल्दो दे पोयो, म्हणजे कोंबडीचं पाणी. लाल भात, शेवयांचं सूप, मोले म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, चिलाकिलेस म्हणजे तळलेल्या तोर्तियाच्या तुकड्यांवरची साल्सा (चटणी), या सगळ्यांत ते असण्याची शक्यता धरून चाला.

फोनमध्ये किंवा कागदावर हे वाक्य ठेवा. बाई असाल तर शेवट ‘बेहेतारियाना’ करा :

*सोय बेहेतारियानो. नो कोमो रेस, नी पुएर्को, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन. तांपोको मांतेका नी काल्दो दे पोयो.*

मी शाकाहारी आहे; गाय, डुक्कर, कोंबडी, मासे, हॅम खात नाही; चरबी आणि कोंबडीचं पाणीही नको, असा त्याचा अर्थ. दाखवायला मात्र हे वाक्य रोमन लिपीत, स्पॅनिश स्पेलिंगनेच लिहून घ्या, कारण गर्दीच्या गाड्यावर उच्चारापेक्षा अक्षर लवकर कळतं.

मांसाहारी असून फक्त गोमांस टाळणाऱ्यांनी ‘नो कोमो रेस’ एवढं पाठ करावं. ताको म्हणजे छोट्या तोर्तियात घातलेलं मांस किंवा भाजी. त्याच्या फळ्यावरचे सुआदेरो, बिस्तेक, आर्राचेरा हे सगळे गोमांसाचे प्रकार आहेत. काबेसा म्हणजे डोकं, लेंग्वा म्हणजे जीभ, सेसोस म्हणजे मेंदू, त्रिपा म्हणजे आतडी. अल पास्तोर, कार्नितास आणि कोचिनिता हे डुकराचे. कांपेचानो म्हणजे दोन मांसांची मिसळ, त्यात गोमांस बहुधा असतंच.

सावध : चिचार्रोन म्हणजे डुकराची तळलेली कातडी. पण रस्त्यावर मोठा नारिंगी तळलेला पापड दिसतो, तो चिचार्रोन दे हारिना, म्हणजे पिठाचा. तो शाकाहारी. त्यावर कोबी-टोमॅटोबरोबर ‘क्वेरितोस’ घालतात का ते मात्र बघा. ते कातडीचेच तुकडे असतात.

## टप्पा २ : तिथलं घड्याळ पाठ करा

हाच टप्पा लोक वगळतात. मेक्सिको सिटीने ऑक्टोबर २०२२मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करणं बंद केलं, त्यामुळे वर्षभर ती भारताच्या साडेअकरा तास मागे असते. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस तुमचं पोट मध्यरात्री जेवण मागणार. त्याचं ऐकू नका.

सकाळी ७ ते ११. कोपऱ्याकोपऱ्यावर तामाल आणि आतोले असतं. आतोले म्हणजे मक्याच्या पिठाचं दाटसर गरम पेय. तामाल पावात घालून दिला की त्याला ग्वाहोलोता म्हणतात आणि तो खाल्ला की दुपारी दोनपर्यंत भुकेचं नाव निघत नाही. सायकलवर टोपली घेऊन विकतात ते ताकोस दे कानास्ता हेही सकाळचंच खाणं. आत बटाटा किंवा घेवडा असला तरी वरून सोडलेलं गरम तेल कशाचं, हे शाकाहाऱ्यांनी विचारावं.

अंडं खाणाऱ्या शाकाहाऱ्यांसाठी न्याहारी हे दिवसातलं सगळ्यात सोपं जेवण आहे. वेवोस आ ला मेहिकाना म्हणजे कांदा-टोमॅटो-मिरची घातलेली बुर्जीच. मोयेतेस म्हणजे पावावर घेवडा आणि चीज घालून भाजलेले तुकडे; घेवड्यात मांतेका आहे का तेवढं विचारा. जुन्या शहरात ‘एल कार्देनाल’मध्ये गरम चॉकलेट आणि साय लावून खायचा कोंचा नावाचा गोड पाव मिळतो. साय म्हणजे खरंच साय, तिला तिथे नाता म्हणतात. पावाला साय लावून खात मोठे झालेल्यांनी ही न्याहारी सोडू नये.

दुपारी २ ते ५. दिवसाचं मुख्य जेवण, कोमिदा. खानावळी एकच्या सुमारास सुरू होतात, तीनला खचाखच भरतात आणि पाचनंतर आवरायला लागतात. मोठं, बसून, सावकाश जेवण करायचं ते या वेळेत.

संध्याकाळी ५ ते ८. ही रिकामी वेळ, आणि आपले लोक नेमके यात अडकतात. या वेळी जेवण शोधू नका, खाऊ शोधा. मक्याचं कणीस म्हणजे एलोते, आणि त्याचे दाणे पेल्यात दिले की एस्कितेस. वर अंड्याचं मेयोनेझ येतं. नको असेल तर ‘सिन मायोनेसा’ म्हणा. काही गाड्यांवर मक्याबरोबर कोंबडीचे पाय शिजत असतात, म्हणून पातेल्यात डोकावून मगच मागा. अंधार पडता पडता कर्कश शिट्टी ऐकू आली तर ती आगगाडीची नसते. तो भाजलेल्या रताळ्यांचा गाडा असतो आणि शिट्टी त्याच्या वाफेची असते. संकष्टीच्या दिवशी एका पाहुण्या काकूंना मी हेच रताळं नुसतं, वरचं आटवलेलं दूध न घालता, खायला घातलं होतं.

रात्री ८ नंतर. ताको. अल पास्तोरचा उभा खांब, त्याला त्रोंपो म्हणतात, सहसा संध्याकाळनंतर खरा रंगात येतो. मांस पातळ तासलं जात असतं, बाहेरचा थर कुरकुरीत असतो आणि अननसाचा तुकडा वरून उडत ताटलीत पडतो. दुपारी बाराला तोच खांब अजून नीट भाजलेला नसतो.

वार आणि महिने. बारबाकोआ, म्हणजे मगेच्या (घायपातीच्या) पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत रात्रभर शिजवलेली मेंढी, शनिवार-रविवार सकाळचा पदार्थ आहे. ‘एल इदाल्गेन्से’ हे रोमा सूर भागातलं त्यासाठी नावाजलेलं ठिकाण शुक्रवार ते रविवारच उघडं असतं. दुपारी उशिरा गेलात तर चांगले भाग संपलेले असतात. चिलेस एन नोगादा, अक्रोडाच्या पांढऱ्या रश्शातली भरलेली मिरची, जुलै ते सप्टेंबर. भोपळ्याची फुलं आणि वित्लाकोचे, म्हणजे कणसावर येणारी काळी बुरशी, पावसाळ्यात ताजी मिळतात. पान दे मुएर्तो हा पाव ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

तपासा : तुमच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे पदार्थ, वेळ आणि वार लिहिलेत का? ज्यापुढे वेळ लिहिता येत नाही, ते नाव बाजूला ठेवा.

## टप्पा ३ : जागा नकाशावर मांडा, एका दिवसाला एकच भाग

शहर अफाट आहे. पोलांकोत न्याहारी, कोयोआकानमध्ये जेवण आणि जुन्या शहरात रात्रीचा ताको असा बेत केलात, तर दिवस टॅक्सीत जाईल. मी भाग असे लावते :

जुनं शहर, म्हणजे सेंत्रो इस्तोरिको, सकाळ आणि दुपारसाठी. इथे ‘एल कार्देनाल’, ‘पास्तेलेरिया इदेआल’ ही मोठी बेकरी, १९१२पासूनचं ‘कॅफे दे ताकुबा’, आणि एहे सेंत्रालवर १९३५पासून चालू असलेलं चुरोंचं, म्हणजे तळलेल्या गोड कांड्यांचं, ‘एल मोरो’. रात्री उशिरा बोलिवार रस्त्यावरच्या ‘लोस कोकुयोस’मध्ये सुआदेरो, जीभ, डोकं असे ताको मिळतात, गोमांस टाळणाऱ्यांसाठी ती जागा नाही.

रोमा आणि कोंदेसा दुपारच्या लांब जेवणाला आणि शाकाहाऱ्यांना सगळ्यात सोयीचे. रोमातली ‘पोर सिएंप्रे बेगाना’ ही ताकेरिया, म्हणजे ताकोचं दुकान, पूर्ण वनस्पतीजन्य आहे. अल पास्तोर खाल्ल्याचा अनुभव शाकाहाऱ्यालाही मिळावा असं वाटत असेल तर इथे जा. जवळच्या हुआरेस भागात ‘युग’ हे जुनं शाकाहारी रेस्टॉरंट आहे. जुन्या पिढीच्या पाहुण्यांना मी तिथेच नेते, कारण तिथे ताटापुढे बसून प्रश्न विचारत राहावं लागत नाही.

नार्बार्ते रात्रीसाठी. ‘एल बिल्सितो’ दिवसा गाड्यांचं गॅरेज आणि रात्री अल पास्तोरची ताकेरिया.

कोयोआकान सुट्टीच्या दुपारसाठी. तिथल्या मंडईतल्या तोस्तादास, म्हणजे कडक तळलेल्या तोर्तियावरची चळत, हे नेमकं कारण धरून जा.

सावध : कोयोआकानला जाण्यासाठी कोयोआकान नावाच्याच मेट्रो स्टेशनवर उतरू नका. ते जुन्या चौकापासून बरंच लांब आहे. त्याच ३ नंबरच्या लाइनवरचं बिबेरोस स्टेशन जास्त जवळ पडतं.

सावध : हुआरेस, इदाल्गो अशा नावांचे रस्ते शहरात जागोजागी आहेत. नुसता रस्ता आणि नंबर टाकलात तर टॅक्सी भलत्याच टोकाला नेईल. पत्त्यात ‘कोलोनिया’, म्हणजे वस्तीचं नाव, हवंच.

## टप्पा ४ : पहिल्या दिवशी हात आखडता घ्या

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. या उंचीवर पचन मंदावतं, दारू लवकर चढते, तहान कळत नाही. उतरल्या रात्री बारा ताको आणि मेस्काल असं करणारे दुसऱ्या दिवशी खोलीत पडून असतात, आणि दोष गाड्यावरच्या साल्साला देतात.

पहिल्या दिवशी सूप, भात, अंडं, फळं, भरपूर पाणी. पाणी बाटलीचं किंवा गार्राफोनचं, म्हणजे वीस लिटरच्या जारमधलं. नळाचं पिऊ नका. चांगल्या चालणाऱ्या रेस्टॉरंटमधला बर्फ शुद्ध पाण्याचा असतो, रस्त्यावर मात्र मी बर्फ टाळते.

तिखटाबद्दल दोन शब्द, कारण कोल्हापूर-नागपूरची मंडळी इथेच फसतात. आपलं तिखट रश्शात शिजलेलं असतं, तेलाबरोबर मुरलेलं असतं. तिथली साल्सा पुष्कळदा कच्ची वाटलेली असते आणि आबानेरो मिरची लवंगी मिरचीचं काही चालू देत नाही. ‘क्वाल पिका मास?’, यातली जास्त तिखट कोणती, असं विचारा आणि दुसरीपासून सुरुवात करा. दुकानदाराच्या ‘नो पिका’वर, म्हणजे तिखट नाही या आश्वासनावर, थेंबभर चाखल्याशिवाय विसंबू नका.

## टप्पा ५ : फोंदा, म्हणजे खानावळ. इथून सुरुवात करा

मला विचाराल तर मेक्सिको सिटीतलं खरं जेवण फोंदात आहे. नावाजलेल्या जागांच्या याद्यांत त्या नसतात, कारण दर दोन गल्ल्यांआड एक असते. बाहेर फळ्यावर ‘कोमिदा कोरिदा’ किंवा ‘मेनू देल दिआ’ लिहिलेलं दिसलं की आत डोकवा. ठरावीक पैशांत जेवण टप्प्याटप्प्याने येतं. दर साधारण ८० ते १५० पेसोंमध्ये असतो, आणि एक पेसो पाच रुपयांच्या आत-बाहेर.

क्रम असा :

१. आधी पातळ सूप. शेवयांचं, भाज्यांचं किंवा कोंबडीचं.

२. मग ‘सोपा सेका’, शब्दशः कोरडं सूप, म्हणजे भात किंवा स्पगेटी. भातावर तळलेलं अंडं हवं का, असं विचारतील.

३. मग गिसादो, मुख्य पदार्थ. तीन-चारांतून एक निवडायचा.

४. तोर्तिया कापडात गुंडाळून, बहुधा घेवडा, आणि पाण्याचा मोठा जग. पाणी म्हणजे आग्वा फ्रेस्का : अंबाडीच्या फुलांसारख्या बोंडांचं आंबटगोड हामाइका, चिंचेचं तामारिंदो, तांदूळ-दालचिनीची ओर्चाता.

५. शेवटी चमचाभर गोड. जेली असेल तर शाकाहाऱ्यांनी सोडा, जिलेटिन प्राण्यांचं असतं.

नवीन माणूस भात आला की ‘मी हे मागवलं नाही’ म्हणून परत पाठवतो, किंवा तो मुख्य पदार्थाबरोबर खायचा म्हणून बाजूला ठेवून देतो. तो त्या टप्प्यालाच खायचा असतो. आपल्यासारखं कालवून खायचं असेल तर ‘तोदो हुंतो, पोर फाबोर’, सगळं एकदम आणा, असं सांगितलं तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.

शाकाहाऱ्यांसाठी गिसादोंमध्ये चिले रेयेनो दे केसो, म्हणजे चीज भरून अंड्यात घोळवून तळलेली मोठी मिरची, तोर्तितास दे पापा, म्हणजे बटाट्याच्या टिक्क्या, किंवा कालाबासितास, म्हणजे कोवळ्या भोपळ्याची मक्याबरोबरची भाजी. रस्सा कशाचा, हे प्रत्येक वेळी विचारा : ‘येवा काल्दो दे पोयो?’ फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत गेलात तर शुक्रवारी फोंदांत मांसाविना पदार्थ जास्त असतात. त्या दिवसांत मासे आणि सुकी कोळंबी मात्र सगळीकडे असते, तेवढं लक्षात ठेवा.

तपासा : जागा चांगली आहे का? तीन वाजता आत ऑफिसचे लोक, बांधकामावरचे मजूर आणि आजीबाई एकत्र बसलेल्या दिसल्या तर बसा. फळ्यावरचा मेनू आजचा, हाताने लिहिलेला हवा. छापील आणि चार भाषांतला असेल तर पुढे चला.

## टप्पा ६ : ताकोच्या गाड्यावर उभं राहणं

आधी दोन मिनिटं लांबून बघा. पैसे घेणारा हात आणि अन्नाला लागणारा हात वेगळे आहेत का? मांस तव्यावर गरम आहे का? साल्सा झाकलेल्या आहेत का? गर्दी हलते आहे का? ताटलीवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली दिसली तर दचकू नका. तिथे ती रीत आहे. पाण्याची टंचाई असलेल्या गाड्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला कोरी पिशवी मिळते, हे माझ्या मते चांगलंच आहे.

मग असं करा :

१. जवळ जाऊन दोनच मागा : ‘मे दा दोस दे पास्तोर.’ एकदम सहा मागितलेत तर शेवटचे चार गार होतात. हवे तसे पुन्हा मागत राहायचं.

२. ‘कोन तोदो?’ असं विचारतील. सगळं घालू का, म्हणजे कांदा आणि कोथिंबीर. ‘सी’ म्हणा. ‘कोन कोपिआ’ म्हणजे दोन तोर्तियांचा.

३. साल्सा आणि लिंबू आपणच घ्यायचं. साल्सा थेंबभर चाखून मग ओता.

४. तीन बोटांनी धरा, मान तिरकी करा, ताको सरळ ठेवा. खांदे पुढे, पाय मागे, नाही तर शर्टाचं वाटोळं.

५. पैसे शेवटी. किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं असतं. हा हिशेब विश्वासावर चालतो. नीट मोजा आणि खरा आकडा सांगा.

६. निघताना उरलेल्या खाणाऱ्यांकडे बघून ‘प्रोबेचो’ म्हणा, सावकाश होऊ द्या या अर्थी. आपण पंगतीतून उठताना म्हणतो तसंच. अनोळखी माणसंही हसून उत्तर देतात.

सान राफाएलमधल्या ‘एल कालिफा दे लेओन’ या उभ्याने खायच्या छोट्या ताकेरियाला २०२४मध्ये मिशलिन या रेस्टॉरंट-मानांकनाचा तारा मिळाला आणि तेव्हापासून तिथे रांग असते. तिथला गाओनेरा ताको गोमांसाचा आहे. ते खात नसाल, तर तासभर रांगेत उभं राहून मग चौकशी करू नका.

सावध : जून ते सप्टेंबर दुपारनंतर जोराचा पाऊस येतो आणि गाडे झाकले जातात. त्या महिन्यांत रात्रीसाठी छप्पर असलेली एक ताकेरिया हाताशी ठेवा.

## टप्पा ७ : मंडई आणि आठवडी बाजार

आठवडी बाजार, तिथला तियांगिस, प्रत्येक वस्तीत ठरल्या वारी रस्त्यावर भरतो. मुक्कामाच्या जागी पोहोचलात की शेजारचा वार कोणता ते आधी विचारा. बाजाराच्या टोकाला, कोमालवर म्हणजे मोठ्या तव्यावर, निळ्या मक्याचे त्लाकोयो भाजत बसलेल्या बायका असतात. त्लाकोयो म्हणजे होडीच्या आकाराची जाड भाकरी, आत घेवडा, वाल किंवा रेकेसोन नावाचं मऊ चीज, वर निवडुंगाची चिरलेली पानं आणि खिसलेलं चीज. पीठ फक्त मक्याचं. शाकाहाऱ्याला यापेक्षा चांगलं पोटभरीचं खाणं या शहरात माझ्या तरी पाहण्यात नाही. थालीपीठ आवडणारा माणूस इथून उठत नाही.

शेजारीच केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या तोर्तिया, असतात. इथे एक गंमतीची अडचण आहे : या शहरात केसादियात चीज असेलच असं नाही. ‘कोन केसो’ म्हणून मागावं लागतं. भरण्यासाठी फ्लोर दे कालाबासा, म्हणजे भोपळ्याची फुलं, चांपिन्योनेस, म्हणजे मश्रूम, किंवा राहास, म्हणजे मिरचीच्या पट्ट्या, यांतलं मागा. तिंगा मागू नका, ती बहुधा कोंबडी असते. आणि तेलात तळलेली नको, कोमालवरची हवी, असं सांगा. तळणीचं तेल मांसाच्या केसादियांनाही तेच असतं.

मंडयांमध्ये जुन्या शहराजवळची सान हुआन ही महागडी, निवडक मालाची. ला मेर्सेद अवाढव्य. तिथे सकाळी, मोकळ्या हाताने आणि फोन आतल्या खिशात ठेवून जा. हामाइका हा फुलांचा बाजार, शेजारी वाराचेस, म्हणजे चपलेच्या आकाराच्या जाड मक्याच्या भाकऱ्या.

मंडईत स्वच्छतागृहाला पैसे पडतात, चिल्लर आणि कागद जवळ ठेवा.

## टप्पा ८ : मोठी रेस्टॉरंट

एखाद-दुसरं पुरे. ‘पुहोल’ आणि ‘किंतोनिल’, दोन्ही पोलांकोत, मिशलिनचे दोन-दोन तारे असलेली. काही आठवडे आधी टेबल राखून ठेवावं लागतं. शाकाहार तेव्हाच लिहून कळवा. टेबलावर बसल्यावर सांगणं म्हणजे स्वयंपाकघराचा आणि तुमचा, दोघांचा दिवस बिघडवणं. रोमातलं ‘कोंत्रामार’ माशांचं, कच्च्या टूनाच्या तोस्तादांसाठी प्रसिद्ध, आणि ते दुपारचं ठिकाण आहे. मासे खाणाऱ्या कोकणी-मालवणी मंडळींनी इथे दुपार मोकळी ठेवावी.

जेवण झाल्यावर वेटर बिल आणत नाही. तुम्हाला उठवणं तिथे असभ्यपणा समजतात. लोक रागावतात की ‘अर्धा तास कोणी फिरकलं नाही.’ ‘ला क्वेंता, पोर फाबोर’ म्हटलंत की लगेच येतं.

## टप्पा ९ : पैसे आणि टिप

गाडा, बाजार आणि बहुतेक फोंदांत रोख. ५०० पेसोंची नोट ताकोवाल्यापुढे धरू नका, त्याच्याकडे सुटे नसतात. सकाळी एखाद्या ओक्सो दुकानात पाणी घेऊन मोडून ठेवा. पैसे बँकेच्या आतल्या मशीनमधूनच काढा.

रेस्टॉरंटमध्ये टिप १० ते १५ टक्के. कार्डचं मशीन टेबलावर आणतात आणि टक्के आधी विचारतात. ‘दिएस’ म्हणजे दहा, ‘किन्से’ म्हणजे पंधरा. टिप बिलात आधीच धरली आहे का ते वाचा. कायद्याने ती ऐच्छिक आहे, त्यामुळे न विचारता धरली असेल तर काढायला सांगता येतं. मशीनने रुपयांत की पेसोत असं विचारलं तर पेसो निवडा, रुपयांचा दर तुमच्या तोट्याचा असतो.

## टप्पा १० : शेवटची सकाळ

बेकरीत जा. दारातून ताट आणि चिमटा घ्या, हवे ते पाव ताटात मांडा, काउंटरवर बांधून मिळतात. थेट हाताने पाव उचलू नका.

घरी न्यायला अलेग्रिया घ्या. तो म्हणजे राजगिऱ्याची वडीच, आपल्या उपवासाच्या लाडवाची सख्खी बहीण. पालांकेता म्हणजे शेंगदाण्याची चिक्की. दोन्ही टिकतात आणि घरातल्या सगळ्यांना लगेच ओळखीची वाटतात. मोलेची पेस्ट घेतलीत तर ती चेक-इनच्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत ती द्रव म्हणून अडवतात. आणि तिच्या वेष्टनावर मांतेका, शेंगदाणे आणि तीळ आहेत का, हे दुकानातच वाचून घ्या.